वाचनालयाची यादी 'वाचता येत नाही' म्हणतात, काय करू?

पेठेतला_ग्रंथपाल | सोमवार, रात्री ११:४२

मंडळी, एक सल्ला हवाय. धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

आमच्या पेठेतल्या एका जुन्या वाचनालयाची वेबसाइट मी सांभाळतो. नावात ग्रंथपाल असलं तरी मी ग्रंथपाल नाही, दिवसा नोकरी करतो, हे आपलं हौसेचं म्हणजे फुकटचं काम. चार वर्षांपूर्वी एका मित्राकडून तयार थीम मिळाली, वर वाचनालयाचे जुने फोटो सरकतात, खाली वेळ, वर्गणी आणि पुस्तकांची यादी पीडीएफमध्ये. साडेसहा हजार पुस्तकं आहेत, यादी २००३ साली अप्पा बळवंत चौकातल्या एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतली होती आणि मग दरवर्षी त्यातच भर घालत गेलो. मला वाटायचं झकास झालंय, वार्षिक सभेत नारळ पण मिळाला.

परवा एका सभासद काकांचा मेल आला. त्यांना काचबिंदू झाला, गेली नऊ वर्षं दिसत नाही. मेल अगदी सभ्य होता आणि तेच जास्त लागलं. म्हणतात, तुमची यादी माझा कॉम्प्युटर वाचतो पण मला त्यातलं एक अक्षर कळत नाही, आणि पहिल्या पानावर तर 'लिंक ग्राफिक, लिंक ग्राफिक' असंच चालू राहतं. मी लगेच उघडून बघितली, मला स्वच्छ मराठी दिसतंय, अक्षरंही मोठी आहेत. मग चुकलंय काय? वाचनालयाला काही स्पेशल सॉफ्टवेअर घ्यावं लागतं का? बजेट म्हणाल तर या वर्षी पंख्यांनाच पैसे नाहीत.

चकली_नव्हे_कडबोळी | सोमवार, रात्री ११:५८

वाचतेय. माझ्या रेसिपीच्या ब्लॉगवरपण एका ताईंनी अशीच कमेंट केली होती, मी 'रिफ्रेश करून बघा' सांगून मोकळी झाले होते :(

हिंजवडी_फेज३ | मंगळवार, सकाळी ८:१५

ग्रंथपाल, एक काम करा. पीडीएफमधली कुठलीही एक ओळ सिलेक्ट करा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. काय येतंय सांगा. मी बसमध्ये आहे, चांदणी चौकात अडकलोय, वेळ भरपूर आहे.

पेठेतला_ग्रंथपाल | मंगळवार, सकाळी ९:०२

इंग्रजी अक्षरं, कंस, रेघा, सगळी खिचडी आली. मराठी एकही अक्षर नाही. हे कसं काय?

हिंजवडी_फेज३ | मंगळवार, सकाळी ९:२०

हाच तो आजार. तुमच्या यादीत मराठी अक्षरांची नुसती चित्रं आहेत, आत मराठी नाहीच.

जुने डीटीपी फाँट असे चालायचे की आत साठवलेलं अक्षर इंग्रजी, फक्त फाँट त्या जागी देवनागरीचा तुकडा काढून दाखवणार. उदाहरण देतो, कृतिदेव फाँटमध्ये 'विद्यार्थी' टाइप केलं तर फाइलमध्ये जातं: एफ, ओ, एक उभी रेघ, के, एफ, के, एच, झेड. आपले डोळे आकार बघतात म्हणून आपल्याला विद्यार्थी दिसतो. काकांचं स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, आकार बघत नाही, आत जे आहे ते बोलतं. म्हणजे त्यांनी साडेसहा हजार पुस्तकांची 'एफ ओ के एफ' ऐकली. नऊ वर्षांत पेशन्स वाढला असेल पण इतका नाही.

तसं युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा नंबर देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे आणि विंडोज २००० पासून सरळ टाइप करता येतंय, पण छपाईची सॉफ्टवेअरं तेव्हा युनिकोड देवनागरी नीट घ्यायची नाहीत त्यामुळे सगळा धंदा जुन्या फाँटवरच चालला. त्या डीटीपीवाल्याचा दोष नाही हो, त्याला यादी छापून हवी होती, त्याने छापून दिली.

गूगलला पण ती यादी वाचता येत नसणार, ते वेगळंच. चार वर्षं तुमचं एकही पुस्तक सर्चमध्ये आलं नसेल.

पेठेतला_ग्रंथपाल | मंगळवार, सकाळी ९:३१

आई शप्पथ. आत्ता शोधून बघितलं. खरंच येत नाही.

रोखठोक_७७ | मंगळवार, दुपारी १:१०

सगळं मान्य, पण एक विचारतो, रागावू नका. दिसत नाही तर वाचनालयाचं छापील पुस्तक घेऊन जाऊन करणार काय? आणि एका माणसासाठी साडेसहा हजार नोंदी परत टाइप करायच्या? फुकट काम करणाऱ्याच्या डोक्यावर हे ओझं टाकणं मला पटत नाही. फोन करा म्हणावं, ग्रंथपाल बाई सांगतील पुस्तक आहे की नाही.

कानोसा | मंगळवार, संध्याकाळी ७:४५

रोखठोक, मी नाही रागावत, ऑफिसात रोज असले प्रश्न ऐकते. मी जन्मापासून दृष्टिहीन आहे, कोथरूडला राहते, आणि हा धागा आत्ता माझा लॅपटॉप मला वाचून दाखवतोय. तुमची पोस्ट जरा फास्ट स्पीडमध्ये ऐकली त्यामुळे राग यायला वेळ मिळाला नाही :)

पुस्तक नेऊन काय करणार, तर आमच्याकडे माझी आई वाचायची, रोज रात्री जेवणं झाली की ओटा पुसून एक प्रकरण. आता मी स्कॅन करून ओसीआर करते, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्याचा टेक्स्ट करायचा आणि मग ऐकायचं. मराठीचं ओसीआर जोडाक्षरात अजून ठेचकाळतं पण कथा कळते. आणि हे कायद्याने चालतं, २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली त्यात आम्हाला वाचता येईल अशी प्रत करायची मुभा आहे. पुढे त्याच विषयावरचा मराकेश करार झाला, तो मंजूर करणारा पहिला देश भारत, २०१४. त्यामुळे पुस्तकाचं आमचं आम्ही बघून घेऊ, पण पुस्तक आहे हे कळायला तर पाहिजे. फोन करून 'आहे का' विचारायला नाव आधीच माहीत असावं लागतं. तुम्ही वाचनालयात जाऊन कपाटापाशी उगाच उभे राहता ना, हे काढ ते ठेव करत, तसं उगाच उभं राहायला आमच्याकडे यादीच असते.

आता पहिल्या पानाचं. ग्रंथपाल, तुम्ही लिंक दिली नाहीये पण मी न बघता सांगते. म्हणजे मी सगळंच न बघता सांगते. फोटोंना लिंक लावली असेल आणि वर्णन लिहिलं नसेल, मग स्क्रीन रीडर बिचारा फाइलचं नाव वाचतो, 'लिंक ग्राफिक आयएमजी अंडरस्कोर दोन शून्य एक नऊ...' आणि फोटो आपोआप सरकत असतील तर मी तिसऱ्यावर पोचेपर्यंत पहिला परत येतो.

मी पान वरून खाली ऐकत नाही, कोणीच ऐकत नाही. एनव्हीडीए नावाचं स्क्रीन रीडर वापरते, ते फुकट आहे, २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन प्रोग्रामरनी सुरू केलं. त्यात एच दाबला की पुढच्या हेडिंगवर उडी, के दाबला की पुढची लिंक, टी दाबला की टेबल. हेडिंग हे आमचे स्टॉप. हेडिंगच नसलेलं पान म्हणजे स्टॉप न पुकारणारी बस, मग मी वळणं मोजत बसते, नळ स्टॉप गेला वाटतं, आता डेक्कन आलं असेल. बहुतेक लोक काय करतात, अक्षरं बोल्ड आणि मोठी करतात आणि त्याला हेडिंग म्हणतात. दिसायला हेडिंग, आत साधा परिच्छेद. परत तोच आजार जो फेज३ नी सांगितला.

आणि ते 'येथे क्लिक करा'. मी लिंकांची यादी काढते तेव्हा लिंका वाक्यातून सुट्या होऊन येतात. येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, अधिक वाचा, येथे क्लिक करा. कुठे?

चकली_नव्हे_कडबोळी | मंगळवार, रात्री ८:२०

कानोसा, माझ्या ब्लॉगवर प्रत्येक फोटोखाली 'अधिक वाचा' आहे. सत्तावीस. तोंड लपवते.

ऑल्टमध्ये, म्हणजे फोटोच्या त्या वर्णनात, काय लिहायचं पण? मी एकदा 'चकली फोटो चकली रेसिपी खमंग चकली' लिहिलं होतं, सर्चसाठी.

कानोसा | मंगळवार, रात्री ८:४१

ते ऐकताना भाजीवाला गाडीवरून ओरडतोय असं वाटतं. फोनवर मावशीला सांगाल तसं लिहा. 'सोऱ्यातून पडलेली चकली, काटे नीट आलेत, कडेला तुटलेली नाही.' हे मला कामाचं आहे, कारण काटे कसे दिसायला हवेत हे मला कुठूनच कळत नाही. आणि फोटो नुसता शोभेचा असेल, फुलं वगैरे, तर ऑल्ट मुद्दाम रिकामा सोडा. रिकामा म्हणजे ऑल्ट लिहायचाच पण आत काही नाही, मग आमचं यंत्र तो गपचूप ओलांडतं.

इजा_बिजा_तिजा | मंगळवार, रात्री ९:०५

पुणेरी पाटीसारखा लिहायचा थोडक्यात. कमी शब्द, अर्थ पूर्ण, अपमान ऐच्छिक.

काळाकोट | मंगळवार, रात्री १०:३०

'एका माणसासाठी' याबद्दल कायद्याचं थोडं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, त्याच्या कलम ४२ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर वापरता येईल असा असावा यासाठी सरकारने पावलं उचलायची आहेत. सरकारी वेबसाइटसाठी मार्गदर्शक सूचना २००९ पासून आहेत, तिसरी आवृत्ती २०२३ ची. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा चालणार नाहीत, बंधनकारक करा. आणि ३० एप्रिल २०२५ चा निकाल तर वाचाच. बँकेचं केवायसी मोबाइलवर करताना 'डोळे मिचकावा' म्हणतात ना, ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या महिला आणि एक दृष्टिहीन वकील यांनी त्याविरुद्ध याचिका केल्या होत्या. कोर्टाने डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग धरला आणि २० निर्देश दिले.

पेठेतल्या वाचनालयावर उद्या कोणी केस ठोकणार नाही, घाबरू नका. पण 'एक माणूस' हा हिशोब कायदा करत नाही.

रोखठोक_७७ | मंगळवार, रात्री १०:५२

डोळे मिचकावायचं मला माहीत नव्हतं. हा मुद्दा मान्य. टायपिंगचं ओझं हा मुद्दा मात्र शिल्लक आहे.

हिंजवडी_फेज३ | बुधवार, सकाळी ८:३०

परत टाइप करायचंच नाहीये. जुन्या फाँटचं युनिकोड करणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात. ग्रंथपाल, फाँट कुठला ते पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये दिसेल, त्याचा कन्व्हर्टर शोधा, शंभर शंभर ओळी टाका. रफार आणि पहिली वेलांटी जिथे येते तिथे डोळ्याखालून घाला, कारण जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि युनिकोडमध्ये नंतर येते, रफाराचं उलटं, तो जुन्या फाँटमध्ये अक्षराच्या नंतर असायचा, युनिकोडमध्ये आधी येतो. कन्व्हर्टर तिथेच गंडतो.

आणि परत पीडीएफ नका करू, साधं टेबल टाका पानावर, वरच्या ओळीला हेडर सेल करा. मग कानोसासारखे लोक चौथ्या कॉलममध्ये असले तरी यंत्र सांगतं 'लेखक' की 'कपाट क्रमांक'. पीडीएफ हवीच असेल तर वर्डमधून सेव्ह ॲज करा, प्रिंट टू पीडीएफ नको, प्रिंट केली की हेडिंग वगैरे आतली सगळी खुणावळ उडते.

पेठेतला_ग्रंथपाल | बुधवार, दुपारी ३:१५

थांबा, वेगळाच पर्याय आलाय. एका कंपनीच्या सेल्सवाल्याचा फोन होता, म्हणतो साइटवर एक छोटं बटन बसवतो, व्हीलचेअरचं चिन्ह असतं, ते दाबलं की अक्षरं मोठी, रंग बदल, सगळं एआय करणार, साइट 'शंभर टक्के कम्प्लायंट'. वर्षाचे अठरा हजार. पंखे गेले पण एकदाचं संपेल तरी. घेऊ का?

हिंजवडी_फेज३ | बुधवार, दुपारी ३:१८

नको

कानोसा | बुधवार, दुपारी ३:५०

नका हो घेऊ. ते बटन आलं की माझ्या स्क्रीन रीडरमध्ये तंगड्या घालतं. अक्षरं मोठी करायची सोय ब्राउझरमध्ये आहे, वाचून दाखवायची सोय माझ्याकडे आहे, ती मी दोन दिवसांत नाही, पंधरा वर्षांत शिकलेय. आणि आत 'एफ ओ के एफ' असेल तर बटन काय वाचणार? अमेरिकेत २०२५ मध्ये असंच बटन विकणाऱ्या एका कंपनीला तिथल्या व्यापार आयोगाने दहा लाख डॉलर भरायला लावले, कारण दावे फुगवून केले होते.

अठरा हजाराचे पंखे घ्या. उकडतंय.

पेठेतला_ग्रंथपाल | रविवार, रात्री १०:१०

अपडेट. जरा मोठी पोस्ट आहे.

काल काकांकडे गेलो होतो, सहकारनगरला. कानोसानी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून सांगितलं की चार दिवस अंदाज बांधण्यापेक्षा एक तास त्यांच्या शेजारी बसा. गेलो. काकूंनी पोहे केले होते. काकांनी लॅपटॉप उघडला, स्क्रीनचा ब्राइटनेस शून्य, पूर्ण काळी, म्हणाले बॅटरी वाचते. मी काळ्या स्क्रीनकडे बघत बसलो आणि ते टपाटप कीबोर्ड चालवत होते, माउसला हात नाही. आवाज इतका भरभर की मला एक शब्द कळेना, त्यांनी माझ्यासाठी स्पीड कमी केला, जसा आपण परगावच्या माणसाशी हळू बोलतो.

मग माझी साइट उघडली. तोपर्यंत मी दोनशे पुस्तकं युनिकोडमध्ये टाकली होती, मोठ्या ऐटीत होतो. आणि यंत्र बोलायला लागलं, 'ग्यानेश्वरी'. मी म्हटलं काय? परत लावलं. ग्यानेश्वरी. पुढे 'अग्यात'. कपाट क्रमांक २५ आला तर 'पच्चीस'. ळ चा तर पार ल झाला, 'काला घोडा' असं ऐकल्यावर काकू हसायला लागल्या. काका म्हणाले तुमची साइट हिंदी बोलते हो, मला वाटलं तुमची हौस असेल.

घरी येऊन शोधलं. थीम ज्या मित्राने दिली त्याने ती एका हिंदी साइटसाठी केली होती आणि पानाच्या अगदी पहिल्या ओळीत भाषा 'एचआय' लिहिलेली, चार वर्षं. दिसण्यात काहीच फरक नाही म्हणून मला कधी कळलंच नाही. तिथे 'एमआर' केलं. दोन अक्षरं. काकांना फोन केला, त्यांनी फोनवरच मला ऐकवलं, ज्ञानेश्वरी, पंचवीस, काळा. यंत्राचा आवाज अजून डब्यातून आल्यासारखा आहे पण मराठी.

दुसरं, शोधायची खिडकी. मी खिडकीच्या आत फिकट अक्षरात 'पुस्तकाचे नाव' लिहिलं होतं, लेबल वेगळं लावलंच नव्हतं कारण डिझाइन स्वच्छ दिसतं म्हणे, आणि काकांच्या यंत्राने नुसतं 'एडिट, ब्लँक' सांगितलं. ते पाच सेकंद तिथे थांबले आणि मला म्हणाले, 'आता इथे माझं नाव लिहायचं की पुस्तकाचं?' त्यांनी चेष्टेत विचारलं, पण मला उत्तर देताना कसंतरी झालं. शोधा दाबल्यावर निकाल खाली येतात, त्यांना काहीच ऐकू आलं नाही, त्यांनी चार वेळा दाबलं. चार वेळा निकाल आले होते.

दोन तासांनी उठलो. पोहे परत गरम करून दिले.

हिंजवडी_फेज३ | रविवार, रात्री १०:३५

निकाल ऐकू येण्यासाठी 'बारा पुस्तके सापडली' ही ओळ 'एरिया-लाइव्ह' करा, म्हणजे ती बदलली की यंत्र आपोआप वाचतं, एका शब्दाचं काम आहे, व्यनि करतो.

भाषेचं मला सुचायलाच हवं होतं. आमच्या कंपनीत दर तिमाहीला ॲक्सेसिबिलिटीचं ट्रेनिंग होतं, त्याचे जागतिक नियम, डब्ल्यूसीएजी २.२, पाठ आहेत, पण उदाहरणं सगळी इंग्रजी. तपासणारं टूल विचारतं भाषा लिहिली आहे का. लिहिली होती की.

आजीचा_चष्मा | सोमवार, सकाळी ७:५०

सगळे पूर्ण न दिसणाऱ्यांबद्दल बोलताय म्हणून माझी भर. माझ्या आजीला मॅक्युलाचा त्रास आहे, मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. तिला वाचून दाखवणारं यंत्र नको असतं, तिला स्वतः वाचायचं असतं, फोन नाकाला लावून. तिचा शत्रू म्हणजे राखाडी अक्षरं. पांढऱ्यावर फिकट राखाडी ही कोणाची आवड आहे देव जाणे. यालासुद्धा नियम आहे, साध्या अक्षराचा आणि पाठीमागच्या रंगाचा फरक निदान ४.५ ला १ हवा. पांढऱ्यावर ७७७७७७ नंबरचा राखाडी नापास होतो आणि ७६७६७६ पास, इतकं काटेकोर. मराठीत तर त्याच्याही वर जावं असं माझं मत, कारण आपल्याकडे अनुस्वार, रफार, उकार हे सगळं अक्षराच्या वर आणि खाली बारीक बारीक असतं, आजी 'वरण' आणि 'वरुण' मध्ये घोळ घालते. ओळींमध्ये जागा सोडा जरा.

आणि झूम बंद करू नका मोबाइलवर!! काही साइटवर दोन बोटांनी मोठं होतच नाही. आजी म्हणते फोन बिघडला.

इजा_बिजा_तिजा | सोमवार, सकाळी ९:१२

मला लाल हिरवा कळत नाही. नाटकाचं तिकीट ऑनलाइन काढताना हिरव्या खुर्च्या रिकाम्या, लाल विकलेल्या, मला सगळ्या खुर्च्या शेवाळी. प्रत्येक खुर्ची दाबून बघतो. बायकोला शेजारी बसवल्याशिवाय तिकीट निघत नाही, त्यामुळे एकट्याने नाटकाला जायचा बेत कायम उघडा पडतो.

कानोसा | सोमवार, संध्याकाळी ७:३०

इजा, मला तो नकाशा म्हणजे तीनशे वेळा 'बटन, बटन, बटन'. 'रांग सी, खुर्ची १४, रिकामी' एवढं लिहिलं तर तुमचं आणि माझं दोघांचं काम होईल.

अवांतर, पण राहवत नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्या नोटिसा फोटो काढून टाकतात. नोटीस बोर्डावर लावली की तिचा फोटो, वाकडा, आणि खाली आठ हात जोडलेले इमोजी. मला ऐकू येतं 'फोटो' आणि मग 'जोडलेले हात' आठ वेळा. मागच्या महिन्यात गुरुवारी पाणी बंदची नोटीस अशीच आली, मी शांपू लावून बसले आणि नळ कोरडा. सेक्रेटरींना सांगितलं तर म्हणाले अहो टाकली होती की ग्रुपवर. शेजारच्या काकूंनी बादली दिली. आता सेक्रेटरी फोटोखाली एक ओळ टाइप करतात, 'गुरुवारी दिवसभर पाणी नाही'. तेवढीच ओळ सगळे वाचतात, फोटो कोणीच उघडत नाही हे त्यांनीच मला सांगितलं.

रोखठोक_७७ | सोमवार, रात्री ८:०५

आमच्या ग्रुपवर नोटिसा मीच टाकतो. फोटोच टाकतो. आजपासून टाइप करतो.

पेठेतला_ग्रंथपाल | दोन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ११:२०

यादी झाली पूर्ण. रोज रात्री चारशे, शनिवार रविवार जास्त. रोखठोकनी एक हजार नोंदी तपासून दिल्या, इथे लिहू नका म्हणाले होते, लिहितोय.

एक नवीन भानगड निघाली ती नोंदवून ठेवतो, कोणाला तरी उपयोगी पडेल. अर्धी यादी कन्व्हर्टरने केली, नवी पुस्तकं मी हाताने टाइप केली, आणि शोधताना 'ताऱ्यांचे' लिहिलं की काही पुस्तकं येतात, काही गायब. दोन रात्री डोकं खाल्लं. फेज३ नी सांगितलं की 'ऱ्या' दोन प्रकारे साठवता येतो, एक खाली टिंब असलेल्या ऱ वरून आणि एक साध्या र ला हलन्त आणि वर न दिसणारं जोडचिन्ह लावून. दिसायला दोन्ही सेम टु सेम. ॲ चं पण तसंच, एक अखंड ॲ आणि एक अ वर चंद्र बसवलेला. सगळे एकाच पद्धतीचे करून टाकले. यात दिसणाऱ्या न दिसणाऱ्याचा संबंध नाही, सगळ्यांनाच पुस्तक सापडत नव्हतं.

बाकी, सरकते फोटो काढले, एक ठेवला, ऑल्ट लिहिला: 'वाचनालयाचा लाकडी जिना, पायऱ्या मधोमध झिजलेल्या'. येथे क्लिक करा एकही नाही. राखाडीचा काळा केला. अध्यक्ष म्हणाले साइट साधी वाटते आता. म्हटलं हो.

आणि काकांचा मेल आलाय आज. त्यांनी चरित्र आत्मचरित्र विभाग पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला, ४१२ नोंदी, दोन संध्याकाळी. अकरा चुका काढल्यात. चार पुस्तकं दोन दोनदा आहेत वेगळ्या क्रमांकाने, एका भाषांतरात लेखक आणि भाषांतरकाराची अदलाबदल झालीये, आणि एक पुस्तक ते स्वतः १९९८ ला घेऊन गेले होते आणि हरवलं होतं, दंडही भरला होता, ते अजून आमच्या यादीत कपाट ७ मध्ये आहे. वीस वर्षांत हे कोणाला दिसलं नव्हतं. सोमवारी जाऊन कपाट बघणार आहे, न जाणो सापडायचं.

हिंजवडी_फेज३ | शनिवार, रात्री ११:४१

सापडलं तर दंड परत करा.

कानोसा | रविवार, सकाळी १०:०५

मी पण ऐकली काल यादी, कथासंग्रह विभाग, अर्धा झाला. कपाट १२ मधली तीन पुस्तकं मला हवी आहेत. सभासद व्हायला काय लागतं? वर्गणीच्या पानावर दरपत्रक आहे म्हणतात, तिथे मला 'ग्राफिक' ऐकू आलं.

पेठेतला_ग्रंथपाल | रविवार, सकाळी १०:०९

अरे देवा. ते राहिलंच, दरपत्रकाचा फोटो आहे. करतो. तोवर इथेच लिहितो: अनामत ५०० रुपये, प्रवेश फी ५०, महिना ८०, एका वेळी दोन पुस्तकं. तिसरं मी माझ्या नावावर काढून ठेवतो.